दर महिन्याचे इंजेक्शन आणि दुखरी गाठ

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या वारंवार चुकत असल्याने दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी त्याला दर चार आठवड्यांनी कमरेत द्यायचे हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचे इंजेक्शन सुरू केले आणि त्याच्यात खूपच सुधारणा झाली. मात्र गेल्या तीन वेळांपासून उजव्या बाजूला टणक गाठ येते आणि दोन-तीन दिवस त्याला नीट बसता येत नाही. गाठ जिरावी म्हणून आई ती जागा तेल लावून चोळते. आता तो म्हणतो, ‘पुढचे इंजेक्शन घेणार नाही.’ त्याची समजूत कशी घालावी?

उत्तर : समजूत घालण्याच्या आधी त्याचे दुखणे खरे आहे, हे घरातल्या सर्वांनी मान्य करावे. ‘इतक्याशा गाठीचे काय घेऊन बसलास’ असे ऐकणारा रुग्ण पुढे दुखले तरी सांगत नाही, सरळ इंजेक्शनला यायचे थांबवतो, आणि हे मला गाठीपेक्षा अधिक काळजीचे वाटते.

हे औषध तिळाच्या तेलात विरघळवलेले असते. स्नायूत खोलवर सोडलेल्या तेलातून ते हळूहळू रक्तात उतरते, म्हणूनच एका इंजेक्शनचा परिणाम महिनाभर पुरतो. तेल काही काळ तिथेच राहणार असल्याने आजूबाजूच्या पेशी त्यावर प्रतिक्रिया देतात आणि दुखणे, लाली, सूज किंवा कडकपणा येतो. थोडे दुखणे बहुधा काही दिवसांत ओसरते. परंतु सलग तीन वेळा एकाच बाजूला गाठ येत असेल, तर इंजेक्शन देण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यायला हवे. त्याच जागी पुन्हा पुन्हा सुई टोचणे, एका जागी जास्त मात्रा सोडणे, सुई आखूड पडल्याने औषध स्नायूऐवजी चरबीत जाणे किंवा ते सुईच्या मार्गाने त्वचेखाली परत झिरपणे, ही गाठीची नेहमीची कारणे आहेत.

पुढच्या वेळी सिस्टरांना तीन गोष्टी निःसंकोचपणे विचाराव्यात. बाजू दर वेळी बदलली जाते का आणि त्याची नोंद ठेवली जाते का? एका जागी तीन मिलिलिटरपेक्षा अधिक औषध तर जात नाही ना? आणि टोचण्यापूर्वी त्वचा एका बाजूला ओढून धरली जाते का? ही शेवटची पद्धत तेलातील इंजेक्शनांसाठी फार उपयोगी आहे. औषध सावकाश सोडून, सुई काही सेकंद आतच ठेवून, ती काढल्यावर ओढलेली त्वचा सोडली की सुईचा मार्ग वाकडा होऊन बंद होतो आणि तेल आतच राहते. गाठ पूर्ण जिरेपर्यंत त्या जागी इंजेक्शन देऊ नये; कडक झालेल्या भागातून औषध नीट शोषले जाईलच असे नाही.

आईंना मात्र चोळणे थांबवायला सांगा. त्यांची माया मी समजू शकतो, पण चोळल्याने औषध आजूबाजूला पसरते आणि जागा अधिक चिडते. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेली थंड पट्टी थोडा वेळ ठेवली तर आराम पडतो. दुखणे फार असेल तर कोणती वेदनाशामक गोळी चालेल, हे डॉक्टरांनाच विचारावे. लाली आणि गरमपणा दिवसागणिक वाढत गेला, ताप आला, पू दिसला किंवा पायात मुंग्या, बधिरपणा अथवा कळ उतरू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवावे. अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे ही ॲलर्जीची लक्षणे असून त्यासाठी तातडीने रुग्णालय गाठावे. त्याला तिळाची ॲलर्जी असल्यास ती डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इंजेक्शन बंद केले, तर सुरुवातीला त्याला बरेच वाटेल, कारण शरीरातले औषध कित्येक आठवडे हळूहळू उतरत राहते. ‘औषधाविना मी ठीक आहे’ असे वाटायला लावणारा हा काळ फसवा असतो. आजार उलटतो तो बहुधा त्यानंतर. म्हणून ‘घ्यायचे की नाही’ यावर वाद घालण्याऐवजी ‘कोणते आणि कसे घ्यायचे’ हा प्रश्न डॉक्टरांपुढे भावानेच मांडावा, तुम्ही सोबत बसा.

प्रश्न : हे इंजेक्शन दंडात घेता येईल का? कमरेत घेताना त्याला संकोच वाटतो.

उत्तर : ते औषधावर अवलंबून आहे. तेलातील जुनी डेपो इंजेक्शने (स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरणारी) सहसा कमरेतच देतात. पॅलिपेरिडोन पाल्मिटेट हे याच आजारावरचे, पण पाण्यातील अतिसूक्ष्म कणांचे इंजेक्शन आहे. त्याचे पहिले दोन डोस आठवड्याच्या अंतराने दंडात देतात आणि नंतर महिन्यातून एकदा दंडात किंवा कमरेत देता येते. दंडातही दुखू शकते, हे आधीच सांगून ठेवा. संकोच हे औषध बदलण्याचा विचार करण्यासाठी पुरेसे कारण आहे, ते डॉक्टरांपासून लपवू नका.