‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न : एम.ए. (भाषाविज्ञान) करते आहे. ‘पॉवर अँड सॉलिडॅरिटी’ असा एक घटक आहे आणि त्यावरचा निबंध मला मराठीत लिहायचा आहे. पॉवर म्हणजे सत्ता, हे सगळ्यांना मान्य. सॉलिडॅरिटीला मात्र कुणी ‘ऐक्यभाव’ सुचवतं, कुणी ‘एकजूट’, कुणी ‘समभाव’. यातला कोणता घ्यावा? जाता जाता आणखी एक : प्राध्यापकांना ईमेल लिहिताना ‘तुम्ही’ बरं की ‘आपण’?

उत्तर : जाता जाता विचारलेलं आधी घेतो, कारण माझी दुखरी नस तिथे आहे. ‘आपण’ लिहायचं तर खुशाल लिहा, पण मग क्रियापदाला त लावा. “सर, काल आपण म्हणाला होता.” “मॅडम, आपण माझा आराखडा वाचला का?” चांगली शिकलेली माणसं हल्ली असं बोलतात. सूत्रसंचालकांचं तर विचारूच नका : “आपण आला, कार्यक्रमाची शोभा वाढली.” अहो, आलात! म्हणाला होतात! वाचलात का! एवढासा त, पण तो गळला की काय घोटाळा होतो ते पुढे सांगतो.

तू-तुम्हीचं पुराण मी लावत नाही. आईला तू, वडिलांना अहो, देवाला पुन्हा तू, हे तुम्ही पहिल्याच तासाला ऐकलं असणार. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांचा सर्वनामांवरचा १९६० चा लेखही वाचायला सांगितला असेल. पॉवर आणि सॉलिडॅरिटी ही जोडी या अभ्यासात रुजली ती त्याच लेखामुळे. लॅटिनमधल्या ‘तू’ आणि ‘वोस’ या सर्वनामांची आद्याक्षरं घेऊन त्यांनी टी आणि व्ही अशा खुणा केल्या. एकाने ‘तू’ म्हणायचं आणि त्याला उलट ‘तुम्ही’ मिळायचं, ही सत्ता. दोघांनी एकमेकांना ‘तू’ म्हणायचं, ही तुमची सॉलिडॅरिटी. कुठल्याही विभागाच्या दारात दहा मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसतं. पन्नाशीच्या शिपायाला तिशीतले सर ‘तू’ म्हणतात आणि त्यांना ‘तुम्ही’ मिळतं. झाडलोट करणाऱ्या बाईंना सगळे ‘मावशी’ म्हणतात; मावशींनी कुणाला ‘भाच्या’ अशी हाक मारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता गंमत अशी की या टी-व्हीत ‘आपण’ कुठेच दिसत नाही. नोट्स काढणारे त्याला जिन्याची तिसरी पायरी करून टाकतात : तू, तुम्ही, आपण. हा जिना मला साफ नामंजूर आहे. ‘तुम्ही’ हे मुळात अनेकवचन, ‘वोस’ही अनेकवचन, एका माणसाला अनेक समजून मोठं करायचं, ही त्यातली युक्ती. ‘आपण’ हे कशाचंच अनेकवचन नव्हे. आपण म्हणजे स्वतः. संस्कृतातला आत्मन्, प्राकृतातला अप्पाण, मराठीतला आपण. आत्मा जसा निर्गुण तसा हा शब्द निःपुरुष. ज्याच्याकडे बोट दाखवाल त्याचा होतो.

‘आपला’ हा ‘आप्त’वरून आला असं सांगणारे विद्वान मला दरवर्षी दोन तरी भेटतात. त्यांना हात जोडून सांगतो, आप्त हा ‘आप्’ म्हणजे मिळवणं, पोहोचणं या धातूचा. त्याचं आपल्या ‘आपण’शी काही नातं नाही. पुरावा हवा असेल तर जुनागढला जा. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचा शिलालेख आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्याच्या बाराव्या लेखात राजा बजावतो, की उगाच आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका. ‘आपला पंथ’ यासाठी तिथे शब्द कोरलाय ‘आत्पपासंड’. आत्प! त्म वरून प्प कडे निघालेला शब्द वाटेत त्प पाशी टेकलाय आणि नेमका त्याच क्षणी कुणीतरी छिन्नी चालवून त्याला पकडलंय. त्याच दगडावर ‘चत्वारः’चं, म्हणजे ‘चार’चं, ‘चत्पारो’ झालेलं आहे, म्हणजे ही एका कारागिराची चूक नव्हे, तिथल्या लोकांची जीभच तशी वळत होती. आमच्या मुंबईजवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्याच आठव्या आणि नवव्या लेखाचे तुकडे सापडले, बारावा नाही, हे माझं जुनं दुःख. नाहीतर इकडची जीभ त्या वेळी काय म्हणत होती तेही कळलं असतं.

आणि ‘पासंड’ हा शब्द सोडू नका, तुमच्या विषयाचा आहे. अशोकाच्या दगडावर त्याचा अर्थ नुसता पंथ, संप्रदाय. ना शिवी, ना स्तुती. पुढे तोच ‘पाखंड’ झाला. पंथ आपला असला की तो धर्म आणि दुसऱ्याचा असला की ते पाखंड, असं ठरवण्याची ताकद ज्यांच्या हातात आली त्यांनी शब्दाची ही गत केली. निबंधात एक परिच्छेद यावर लिहा, परीक्षक चकित होतील.

असो. ‘आपण’. स्पर्धा परीक्षांची गाइडं त्याचे तुकडे करतात : स्वतः अशा अर्थी आत्मवाचक, आम्ही-तुम्ही अशा अर्थी पुरुषवाचक. घोका आणि एक गुण घ्या. वस्तुतः शब्द एकच आहे आणि तो फिरतो कसा हेच पाहण्यासारखं आहे. “तो आपण होऊन आला” इथे तो त्याचा. “आपण नाय जात तिकडं” इथे माझा; मुंबईचा ‘अपुन’ याचाच नाक्यावरचा भाऊ. “आपण बसा” इथे तुमचा. “आपण बसू” इथे तुमचा-माझा दोघांचा. यातले शेवटचे दोन पुन्हा वाचा. समोरच्याला सगळ्यात उंच आसनावर बसवणारा शब्द आणि त्याला आपल्या सतरंजीवर ओढून घेणारा शब्द मराठीत एकच आहे. ब्राउन-गिलमनना दोन टोकं दाखवायला दोन सर्वनामं लागली. मराठी हे काम एकात उरकते.

विद्यापीठात हे रोज चालतं. कार्यालयाचं पत्र येतं : “आपण मुदतीत शुल्क न भरल्यास आपली नोंदणी रद्द करण्यात येईल.” हा आसनावरचा आपण, अर्थात आसन काढून घेण्याची धमकी देणारा. त्याच दिवशी मार्गदर्शक म्हणतात : “आपण पुढच्या आठवड्यात तिसरं प्रकरण संपवू.” हा सतरंजीवरचा. पण संपवणार कोण? जागरणं तुमची, ‘आपण’ दोघांचा.

आता तो त. एरवी क्रियापद चुगली करतं : आपण आलो म्हणजे आम्ही-तुम्ही, आपण आलात म्हणजे तुम्ही. पण भूतकाळी सकर्मक क्रियापद मराठीत कर्माच्या मागे जातं. “आपण निबंध लिहिला.” कुणी? वाक्यात उत्तर नाही. एका शेवटच्या त वर सगळं लटकलंय : ‘लिहिलात’ म्हणजे तुम्ही, नुसतं ‘लिहिला’ म्हणजे आपण दोघांनी. माझ्या एका मित्राने कुठल्याशा परिसंवादात हे भोगलंय. त्याचे मार्गदर्शक भर सभेत प्रेमाने त्याच्याकडे वळून म्हणाले, “आपण हा शोधनिबंध लिहिला तेव्हा…” मित्र खूश. सरांनी आपल्याला ‘आपण’ म्हटलं! निबंध छापून आला तेव्हा सरांचं नाव पहिलं होतं. ते सर व्याकरणाला पक्के होते. त्यांनी त गाळला नव्हता, त्यांना तो म्हणायचाच नव्हता.

हा दुहेरी ‘आपण’ आला कुठून? “हिंदीतल्या ‘आप’ची नक्कल” असं सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ती आळसाची वाटते. ‘आप’सुद्धा आत्मन्‌चाच, हे खरं. पण हिंदीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक कुठे येतो? तिथे दोन्हींना ‘हम’. संस्कृतातही एकच ‘वयम्’. ऐकणाऱ्याला सोडून ‘आम्ही’ आणि धरून ‘आपण’ ही वाटणी दक्षिणेची : तमिळमध्ये ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. आता आदराचं बघा. कानडीतला आदरार्थी ‘तावु’, तमिळचा ‘ताङ्गळ्’, तेलुगूचा ‘तमरु’, हे तिन्ही ‘तान्’ म्हणजे ‘स्वतः’ या मुळाचे. ‘स्वतः’ म्हणायचं आणि ‘तुम्ही’ समजायचं! माझं मत असं की आपला ‘आपण’ कापड संस्कृतचं आणि शिवण दक्षिणेची असा अंगरखा आहे. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ अशी वाटणी आहे आणि आजच्या कानडीने ती टाकून दिली आहे, हे मला माहीत आहे. पत्र पाठवायची तसदी घेऊ नये. कानडीने टाकली म्हणून शेजारणीने उचलली नव्हती असं होत नाही.

भाषावैज्ञानिक फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये याहून मोठी उडी मारली : मराठीच्या मुळाशीच एक मिश्रभाषा असावी, शब्द वरच्या थराचे आणि घडण खालच्या थराची. इतकं मला पटत नाही. मिश्रभाषेतून आलेली भाषा तीन लिंगं इतक्या इमानाने सांभाळत बसली नसती. पण राज्य करणाऱ्यांचे शब्द आणि राबणाऱ्यांची वाक्यं, ही नजर मात्र घेण्याजोगी आहे.

हो, तुमचा शब्द राहिला. आधी ‘सत्ता’ नीट समजून घ्या. संस्कृतात सत्ता म्हणजे नुसतं असणं. वेदान्ती तिचे तीन प्रकार सांगतात : पारमार्थिक म्हणजे खरीखुरी, व्यावहारिक म्हणजे कामापुरती, प्रातिभासिक म्हणजे नुसती भासणारी. विद्यापीठात यांचा अर्थ अनुक्रमे कुलगुरू, परीक्षा विभागातले कारकून आणि विद्यार्थी प्रतिनिधी. तिच्यासमोर ‘ऐक्यभाव’ ठेवू नका, तो प्रवचनाचा. ‘एकजूट’ मोर्च्याची. ‘समभाव’ला ‘सर्वधर्म’ची इतकी सवय लागली आहे की एकटा उभाच राहत नाही. सरळ ‘आपलेपणा’ लिहा. कुणी म्हणेल, हा घरगुती शब्द, शास्त्राला चालणार नाही. त्यांना सांगा, सॉलिडॅरिटीसुद्धा फ्रेंचांनी रोमन कायद्यातल्या देण्या-घेण्यातून उचलली. अनेकांनी मिळून घेतलेलं कर्ज प्रत्येकाने पूर्णच्या पूर्ण फेडायला बांधील असायचं, एवढाच तिचा मूळ मतलब. सावकाराच्या ओट्यावरचा शब्द शास्त्राला चालला, तर माजघरातला का नको?

ईमेलला ‘तुम्ही’ पुरे. मार्गदर्शकांनी ‘आपलेपणा’ खोडून “शब्दाचं आपण बघू” असं लिहिलं, तर तो तुम्हालाच बघायचा आहे असं समजा.