१ घन सेंटीमीटर म्हणजे १०⁻² घनमीटर का होत नाही?

सेंटी म्हणजे १०⁻², मग पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरवरून किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये बदलताना आपले उत्तर १००० ऐवजी ०.१ का आले, असा प्रश्न आहे. चूक एकाच ठिकाणी आहे. ‘घन’ हा शब्द केवळ मीटरला नव्हे, तर ‘सेंटीमीटर’ या संपूर्ण एककाला लागू होतो. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत उपसर्ग आणि एकक मिळून एकच अविभाज्य चिन्ह मानले जाते, त्यामुळे घातांक दोघांवरही चढतो आणि १ घन सेंटीमीटर म्हणजे (१०⁻² मीटर)³, अर्थात १०⁻⁶ घनमीटर होते. एक मीटर बाजूच्या टाकीत एक सेंटीमीटर बाजूचे ठोकळे रचल्याची कल्पना करा: लांबीत १००, रुंदीत १०० आणि उंचीत १००, म्हणजे एकूण दहा लाख ठोकळे मावतात.

आता १ ग्रॅम म्हणजे १०⁻³ किलोग्रॅम, आणि भागाकारात घातांकांची वजाबाकी होत असल्याने −३ − (−६) = ३, म्हणून घनता १०³ किलोग्रॅम प्रति घनमीटर येते. क्षेत्रफळालाही हाच नियम लागतो. १ चौरस सेंटीमीटर म्हणजे १०⁻⁴ चौरस मीटर.

उत्तर लिहिण्यापूर्वी ते वास्तवाशी ताडून पाहण्याची सवय मला सूत्रापेक्षाही मोलाची वाटते. ०.१ हे उत्तर खरे मानले, तर टाकीभर पाण्याचे वस्तुमान अवघे १०० ग्रॅम ठरेल; प्रत्यक्षात ते एक टन असते.