गुडघ्याआधी दाढ

प्रश्न : आईच्या गुडघ्याचं सांधेरोपण पुढच्या महिन्यात ठरलंय. तिला मधुमेह आहे, दाढही अधूनमधून ठणकते. डॉक्टर म्हणतात, आधी दाढेचं बघा. गुडघ्याचा आणि दाढेचा काय संबंध?

उत्तर : फार जवळचा. किडलेल्या दाढेतले जंतू रक्तात उतरून कृत्रिम सांध्यावर बसू शकतात. धातूला रक्तपुरवठा नसतो. तिथे जंतूंचा चिकट थर एकदा धरला की औषध आतपर्यंत पोचत नाही. म्हणून डॉक्टरांचं ऐका. साखरही आटोक्यात आणा, त्यासाठी तारीख पुढे गेली तरी चालेल. आईंचे तळपाय उजेडात बघा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचेला भेगा असतील तर सर्जनना सांगा, तिथूनही जंतू आत शिरतात. मी तर प्रत्येक रुग्णाला मोजे काढायला लावतो. गुडघ्यावरचे केस घरी रेझरने काढू नका, बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात.

शस्त्रक्रियेनंतर गुडघा काही आठवडे गरम, सुजलेला राहतो. पण जखम झिरपत राहिली, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कृपा करून देऊ नका. सांध्यातलं पाणी तपासण्याआधी गोळी पोटात गेली, तर जंतू सापडणं अवघड होतं आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात.