पहिलं पिस्तूल निवडताना

परवाना मिळाला की नवखे लोक सगळ्यात छोटं पिस्तूल शोधतात. थांब जरा. हलकं पिस्तूल झटका जास्त देतं, मग सरावच नकोसा होतो. ९ मिमी गोळीचं, ग्लॉक १९ या मध्यम आकाराच्या पिस्तुलाच्या आसपासचं, आधी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) चालवून बघ. होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अंगावर ठेवायचं म्यान, कडक हवं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. मऊ कापडी होल्स्टर मला अजिबात पटत नाहीत.

जादा मॅगझिन (पिस्तुलात बसणारी, गोळ्या भरायची पेटी) बाळगायचं ते केवळ गोळ्या कमी पडतील म्हणून नव्हे. पिस्तूल अडकतं ते बरेचदा मॅगझिनमुळेच. सरावाला साध्या गोळ्या चालतील. स्वसंरक्षणासाठी बाळगायला हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, लागल्यावर पसरणाऱ्या गोळ्या, कारण आरपार जाण्याचा धोका कमी. पण त्या तुझ्या पिस्तुलात विनाअडथळा चालतात का ते तपास, आणि काही ठिकाणी त्यांना बंदी असते, तेही आधी बघ.