फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) चाली गिटारवर वाजवणारे अमेरिकन गायक-गिटारवादक डॉक वॉटसन हे पहिलेच का?

नाही, पहिले नव्हेत. बँजो-गिटारवादक डॉन रेनो यांनी १९५० च्या दशकातच पिकने (तारा छेडायच्या छोट्या पट्टीने) गिटारवर सुरावटी वाजवल्या होत्या. पण गिटारला साथीतून पुढे आणून लोकांच्या मनात बसवलं ते डॉकनीच. लहानपणीच दृष्टी गेलेले डॉक नॉर्थ कॅरोलायनात एका डान्स बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवत. बँडला फिडलवाला नव्हता आणि स्क्वेअर डान्सला (चार जोड्यांच्या लोकनृत्याला) तर फिडलच्याच चाली लागतात, म्हणून त्यांनी त्या गिटारवर बसवल्या. हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. १९६० नंतर तेच त्यांच्या अकूस्टिक गिटारवर आलं. ऐकाल तेव्हा उजव्या हाताकडे लक्ष द्या: पिक खाली-वर, खाली-वर, कितीही वेगात एकेक स्वर सुटा. मात्र त्यांना निव्वळ ब्लूग्रासवाले (बँजो-फिडलच्या वेगवान अमेरिकन लोकसंगीतातले) म्हणू नका. ब्लूज, गॉस्पेल, डोंगराळ भागातली जुनी लोकगीतं, सगळं ते तितक्याच जिव्हाळ्याने गात.