वाचकांचे प्रश्न : दोन पट्टे घरचे, तिसरा कोणाचा?

प्रश्न : मी नागपुरात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. मानवी हृदयातील 'हर्ग' या पोटॅशियम आयन वाहिनीचे जनुक एचईके २९३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये घालून ते प्रथिन वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून, पटलावर उतरवून प्रतिपिंडाने ओळखण्याची पद्धत) पाहण्यासाठी आम्ही सशात तयार केलेले पॉलिक्लोनल (त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या अनेक प्रतिपिंडांचे मिश्रण असलेले) प्रतिपिंड मागवले. अमिनो आम्लांच्या हिशेबाने प्रथिनाचे वजन सुमारे १२७ किलोडाल्टन भरते. ब्लॉटवर मात्र १३५ आणि १५५ पाशी दोन पट्टे, ५५ पाशी तिसरा पट्टा आणि जेलच्या अगदी वर काळपट ओघळ दिसतो. नमुने नेहमीप्रमाणे ९५ अंशांवर पाच मिनिटे तापवले होते. खोके मे महिन्यात आले, तेव्हा आतल्या बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या होत्या. प्रतिपिंड खराब झाले आहे, परत पाठवा, असे सरांचे मत आहे. काय करावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : परत पाठवण्याची घाई करू नये. १३५ आणि १५५ हे दोन्ही पट्टे हर्गचेच असण्याची दाट शक्यता आहे. हे प्रथिन अंतर्द्रव्यजालिकेत तयार होताना त्याला शर्करेची प्राथमिक साखळी जोडली जाते आणि ते १३५ पाशी दिसते. पुढे गॉल्जी पिंडात ती साखळी पूर्ण झाली की तेच प्रथिन १५५ पाशी दिसते आणि पेशीपटलावर पोहोचते. म्हणजे आपल्याला एकाच प्रथिनाच्या दोन अवस्था दिसत आहेत आणि याच फरकावर या क्षेत्रातले बरेच संशोधन उभे आहे. जन्मजात लाँग क्यूटी विकाराच्या (ईसीजीवरचे क्यूटी अंतर लांबणारा हृदयाच्या ठोक्यांचा विकार) दुसऱ्या प्रकारात हर्गची अनेक बदललेली रूपे पेशीच्या आतच अडकून पडतात, तेव्हा १५५ चा पट्टा फिका होतो किंवा दिसतच नाही. खात्री हवी असेल, तर जिवंत पेशींवर थोडा वेळ प्रोटिनेज के हे विकर वापरून पाहावे. ते पेशीबाहेर उघडे असलेलेच प्रथिन तोडते, त्यामुळे १५५ चा पट्टा जावा आणि १३५ चा राहावा.

खरी चौकशी ५५ च्या पट्ट्याची करायला हवी. त्यासाठी हर्गचे जनुक न घातलेल्या त्याच पेशींचा नमुना शेजारच्या लेनमध्ये (जेलवरच्या रांगेत) चालवावा. हा नमुना आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि स्पष्टच लिहितो, त्याच्याविना ब्लॉटवरचा कोणताही पट्टा, १३५ चासुद्धा, पुरावा ठरत नाही. त्या लेनमध्येही ५५ चा पट्टा आला, तर प्रतिपिंड पेशीतल्या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटत आहे. तो फक्त हर्ग असलेल्या लेनमध्ये आला, तर हर्गचा तुटलेला तुकडा असू शकतो. ब्लॉटचे एक पटल केवळ दुय्यम प्रतिपिंड (पहिल्या प्रतिपिंडाला चिकटून पट्टा दाखवणारे) लावूनही विकसित करावे, कारण कधीकधी दोष त्याचाच असतो. पुष्कळ जण प्रतिपिंडाला आधीच त्याचा पेप्टाइड, म्हणजे ज्याविरुद्ध ते तयार केले तो प्रथिनाचा छोटा तुकडा, पाजून पट्टे गेले की समाधान मानतात. मला ती कसोटी अपुरी वाटते. त्या पेप्टाइडशी साम्य असलेल्या परक्या प्रथिनाचा पट्टाही अशा वेळी नाहीसा होतो.

वरच्या ओघळाचे कारण बहुधा तापवणे हे आहे. हर्गचा प्रत्येक उपघटक पेशीपटल सहा वेळा ओलांडतो आणि अशी जलविरोधी प्रथिने उकळत्या तापमानाला एकमेकांना चिकटून गोळा होतात. तो गोळा जेलमध्ये उतरतच नाही. नमुना ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून पाहावा. १३५ आणि १५५ नीट वेगळे दिसावेत म्हणून जेल सात ते साडेसात टक्क्यांचे घ्यावे, आणि रात्रभर ट्रान्स्फर (प्रथिने जेलमधून पटलावर उतरवणे) करायचा असेल तर शीतकक्षात करावा. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीतला बफर आधीच कोमट असतो.

राहिले वितळलेल्या बर्फाचे. प्रतिपिंडे बऱ्यापैकी चिवट असतात, एखादा दिवस ऊब लागल्याने सहसा निकामी होत नाहीत, आणि हे निकामी झाले असते तर सगळेच पट्टे पुसट दिसले असते. अधिक नुकसान पुन्हा पुन्हा गोठवण्याने आणि वितळवण्याने होते, म्हणून लहान लहान वाटे करून ठेवावेत. कुपीवरचा लॉट क्रमांक मात्र वहीत जरूर नोंदवावा. पॉलिक्लोनल प्रतिपिंडाची पुढची कुपी दुसऱ्या सशाची असू शकते आणि तिच्यासाठी ही सारी तपासणी नव्याने करावी लागते.

प्रश्न : माझ्या पुतण्याला लाँग क्यूटी असल्याचा डॉक्टरांना संशय आहे. अशा प्रतिपिंडाने रक्त तपासून निदान होईल का?
— एक वाचक, महाल

उत्तर : नाही. हर्ग हे प्रथिन हृदयपेशींच्या पटलात रुतलेले असते, त्यामुळे रक्ताच्या नमुन्यातून त्याचा निवाडा होत नाही, आणि 'केवळ संशोधनासाठी' असे लिहिलेली कुपी रुग्णाच्या निदानासाठी वापरायची नसते. निदान ईसीजी, कौटुंबिक इतिहास आणि गरज पडल्यास केसीएनएच२ (हर्गचे जनुक) व अन्य जनुकांच्या तपासणीवरून होते. निदान होईपर्यंत औषधांबाबत सावध राहावे. काही औषधे हीच वाहिनी अडवतात; टर्फेनाडिन हे ॲलर्जीचे औषध त्याच कारणाने अमेरिकेच्या बाजारातून १९९८ मध्ये काढून घेण्यात आले. एरिथ्रोमायसिन किंवा डोमपेरिडोनसारखी नेहमीची औषधेही पुतण्याला हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, आणि औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नये.