‘नॅचरल हेअर’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: “अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांना केसांची उत्पादने कशी विकली जातात, यावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. ‘नॅचरल हेअर’ आणि ‘टेक्श्चर्ड हेअर’ हे शब्द ओळीओळीला येतात. ‘नैसर्गिक केस’ आणि ‘पोतदार केस’ चालतील का?”

‘पोतदार केस’ आधी निकालात काढू. पोतदार हे नाणी पारखणाऱ्याचे, खजिना सांभाळणाऱ्याचे पद होते आणि आज ते आडनाव आहे. पोतदारांचे केस असे कुणीही वाचेल.

‘नैसर्गिक केस’ व्याकरणात बसते, पण अर्थात घसरते. मराठी वाचकाला वाटेल की टोप नव्हे, खरे केस. किंवा शिकेकाई-रिठ्यावर वाढवलेले केस. मूळ शब्दाचा रोख या दोन्हीकडे नाही. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई ‘मी नॅचरल आहे’ म्हणते तेव्हा ती सांगत असते की मी रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारे रसायन, लावत नाही. केस रंगवलेले असले तरी अनेक जणी स्वतःला नॅचरलच म्हणवतात. म्हणजे हा शब्द दुसऱ्या एका वस्तूच्या नकारातून जन्मला आहे आणि ती वस्तू समजल्याशिवाय त्याचे मराठी जमणार नाही.

रिलॅक्सर या नावातच मोठी विक्रीकला आहे. ऐकताना वाटते, केसांना जरा विश्रांती. आत असतो सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. तो केसातल्या प्रथिनांचे गंधकाचे बंध तोडतो, म्हणून वळण कायमचे जाते; नवा केस मुळातून येतो तो मात्र पुन्हा कुरळाच, म्हणून डबा पुन्हा विकत घ्यावा लागतो. टाळू भाजते अशी तक्रार वाढल्यावर ‘नो लाय’, म्हणजे ‘कॉस्टिक सोडा नाही’, असे लिहिलेले डबे आले. त्यात सोडा नसतो हे खरे, पण कॅल्शियम हायड्रॉक्साइड असते, म्हणजे विरलेला चुना, आणि तो ग्वानिडीन कार्बोनेटात मिसळून तितक्याच कामाचा तीव्र अल्कली तयार होतो. नाव सौम्य, काम तेच. नव्वदच्या दशकात लहान मुलींसाठीही असे डबे निघाले, खोक्यावर हसऱ्या मुलींचे फोटो लावून. अनुवादात ‘रिलॅक्सर’ तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी ‘केस कायमचे सरळ करणारे तीव्र रसायन’ एवढे सांगा. ‘शिथिलक’ वगैरे करू नका. कंपनीचा गोडवा आपण संस्कृतात कशाला न्यायचा?

आता गंमत अशी की सरळ केस आणि न सरळवलेले केस, दोन्ही विकणारे हात पुष्कळदा एकच होते. शिकागोत जॉर्ज जॉन्सन यांनी १९५४ मध्ये सुरू केलेली जॉन्सन प्रॉडक्ट्स ही कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी केस सरळ करण्याच्या मालावर मोठी झाली. साठच्या दशकात अ‍ॅफ्रो ही केस सरळ न करता गोल फुलवून ठेवण्याची केशरचना कृष्णवर्णीय अस्मितेची खूण झाली, तेव्हा त्याच कंपनीने ‘अ‍ॅफ्रो शीन’ आणले. त्याच्या जाहिरातींत स्वाहिली भाषेतले ‘सुंदर माणसे’ या अर्थाचे शब्द वापरले होते. ग्राहकांपैकी स्वाहिली बोलणारे जवळपास कुणी नव्हते, पण ते शब्द आपले आहेत ही भावना पुरेशी होती. १९७१ मध्ये कंपनी अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर आली. चळवळीचा शब्द बाटलीवर यायला वेळ लागत नाही, हे तेव्हापासून दिसते. तरी मी या प्रकरणाकडे निव्वळ कावेबाजपणा म्हणून पाहत नाही. त्या केसांना सुंदर म्हणणारी जाहिरात छापली जाणे हेच तेव्हा नवे होते.

२००० नंतर रिलॅक्सर सोडणाऱ्या स्त्रियांची लाट पुन्हा आली, या वेळी इंटरनेटवरून, आणि ‘नॅचरल’ला दुहेरी भाव आला. ब्रुकलिनमध्ये लिसा प्राइस यांनी १९९३ मध्ये घरातून सुरू केलेली ‘कॅरल्स डॉटर’ २०१४ मध्ये लॉरिआलने घेतली. लायबेरियात जन्मलेले रिशेल्यू डेनिस यांची ‘शीआमॉइश्चर’ २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे गेली. या बाटल्यांवर शीआ बटर, मध, खोबरेल असते, म्हणून घटक ‘नॅचरल’. आणि ग्राहकही ‘नॅचरल’. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही कामे फुकटात करतो. मराठीत ती सोय नाही, आणि हे बरेच आहे. घटकांबद्दल असेल तिथे ‘नैसर्गिक’ लिहा, केसांबद्दल असेल तिथे दुसरा शब्द घ्या. लेखात जाहिरातीची ही दुहेरी खेळी सांगितली असेल, तर एका वाक्यात ती उलगडून सांगावी लागेल.

‘टेक्श्चर्ड’ची, म्हणजे शब्दशः ‘पोत असलेल्या’ची, गोष्ट वेगळी. दुकानात या केसांच्या मालाच्या फळीवर आधी ‘एथनिक’ पाटी असायची, मग ‘मल्टिकल्चरल’ आली. वॉलमार्टने जून २०२० मध्ये हा ‘मल्टिकल्चरल’ माल काचेच्या कुलूपबंद कपाटात ठेवण्याची प्रथा थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा बऱ्याच जणांना कळले की शेजारचा शॅम्पू मोकळा आणि हा कुलपात असे चालत होते. ‘टेक्श्चर्ड’ हा त्या पाट्यांचा वारस. वंशाचे नाव न घेता ग्राहक ओळखता येतो, आणि हलके कुरळे केस असलेली गोरी बाईही फळीपाशी येते. एप्रिल २०१७ मध्ये शीआमॉइश्चरने आपल्या जाहिरातीत गोऱ्या स्त्रियांना पुढे आणले, तेव्हा जुन्या ग्राहक खवळल्या आणि कंपनीला जाहिरात मागे घेऊन माफी मागावी लागली. पोत कुठल्या केसाला नसतो? म्हणूनच हा शब्द कंपन्यांना सोयीचा. संदर्भ पाहून ‘कुरळे ते घट्ट पिळाचे केस’ असे फोडून लिहा.

विशेषणांना अधिक जपा. सप्टेंबर २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या क्लिक्स या दुकानसाखळीच्या संकेतस्थळावर ट्रेसमे या युनिलिव्हरच्या केस-उत्पादनांची जाहिरात आली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांखाली ‘पिंजारलेले, निस्तेज’, ‘कोरडे, खराब झालेले’ या अर्थाचे शब्द, आणि गोऱ्या बाईच्या केसांखाली ‘नॉर्मल’. दुकानांपुढे निदर्शने झाली, अनेक दुकाने बंद ठेवावी लागली, आणि युनिलिव्हरने तिथल्या दुकानांतून ट्रेसमेचा माल १० दिवसांसाठी काढून घेण्याचे मान्य केले. मार्च २०२१ मध्ये याच कंपनीने आपल्या सौंदर्य-उत्पादनांवरून ‘नॉर्मल’ हा शब्दच काढण्याचे ठरवले. त्या जाहिरातीतला खरा घाव ‘कोरडे’चा नव्हता. घट्ट पिळाच्या केसावरून टाळूचे तेल टोकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे तो कोरडा असतो ही वस्तुस्थिती आहे. ‘खराब झालेले’ आणि ‘नॉर्मल’ शेजारी ठेवल्याने वस्तुस्थितीचाच दोष झाला. म्हणून ‘ड्राय’ला ‘कोरडे’च म्हणा. ‘राठ’, ‘निर्जीव’, ‘न आवरणारे’ हे आपल्या जाहिरातींनी रुळवलेले शब्द हात आपोआप लिहील, त्यांना थांबवा.

मराठीची स्वतःचीही एक अडचण आहे. आपल्याकडे माणूस सरळ, व्यवहार सरळ, मार्ग सरळ. आणि वाकड्याला सरळ करण्याची धमकी. ‘सरळ केस’ लिहिले की कौतुक फुकट चिकटते. उपाय म्हणून मी ‘मूळ वळणाचे केस’ सुचवेन. अक्षराला जसे ज्याचे त्याचे वळण असते तसे केसालाही, आणि यात वंश, रसायन, औषधी वनस्पती काहीच ओढून आणावे लागत नाही. फक्त ‘वळण लावणे’ हे क्रियापद त्या परिच्छेदात येऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा शिस्तीची छडी आली. पहिल्या उल्लेखात ‘नॅचरल, म्हणजे रिलॅक्सर न लावलेले, मूळ वळणाचे केस’ असे लिहून पुढे छोटे रूप वापरता येईल. ‘४सी’सारखी केसांच्या पिळाची वर्गवारी आली तर ती तशीच ठेवा, ती ओप्रा विन्फ्रीचे केशतज्ज्ञ आंद्रे वॉकर यांच्या मांडणीतून पुढे वाढलेली आहे आणि बाटल्यांवरही तशीच छापतात.

‘गोइंग नॅचरल’ म्हणजे ‘रिलॅक्सर सोडणे’, एवढे साधे पुरे. ‘बिग चॉप’ मात्र अवघड आहे: रिलॅक्सर लावलेला सगळा भाग एकदम कापून टाकायचा आणि बोटभर मूळ केसांपासून सुरुवात करायची. त्यासाठी ‘मुंडण’ नको, कारण केस पूर्ण काढत नाहीत. ‘केशवपन’ तर नकोच. मराठीत त्या शब्दामागे विधवांवरची सक्ती उभी आहे, आणि इथे कात्री चालते ती बाईच्या स्वतःच्या मर्जीने.